नाणी पाडली त्या गावाचं नाव

माझ्या बाबांच्या आजोबांना घरात कोणीच पाहिलेलं नव्हतं. पहिल्या महायुद्धात ते भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून फौजेची खेचरं हाकायला इराकात बसऱ्याला गेले आणि परत आलेच नाहीत. निरोपही आला नाही. लढाई संपल्यावर शेजारच्या गावचा त्यांचा एक सोबती तेवढा आला आणि त्यानं त्यांच्या बायकोच्या हातात त्यांची नाण्यांची कापडी थैली ठेवली. "तो आजारी पडला, त्याला मागेच ठेवून आम्हाला पुढे नेलं," एवढंच हा सोबती सांगत राहिला. कोणत्या गावी ठेवलं, ते नाव काही त्याच्या तोंडी बसेना.

त्या नाण्यांवर वेलबुट्टीसारखी अक्षरं होती. त्यातच त्या गावाचं नाव असणार, असं आमच्या घरात सगळे धरून चालले होते. बाबा जबलपूरला फॅक्टरीत लागले तेव्हा थैली त्यांच्याबरोबर इथे आली आणि चेरीतालच्या घरात कपाटात राहिली. नोकरी, लग्नं, आजारपणं यांत ती वाचून घ्यायचं राहूनच गेलं.

मग बाबांच्या किडन्या गेल्या. आता घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. बाबांना ते न सांगताच कळलं असावं, कारण घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा थैली मागितली. म्हणाले, "माझा आजा कुठं मेला, तेवढं पाहून दे मले."

मी सदर बाजारातल्या जुनी नाणी विकणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानदारानं एक नाणं उलटंपालटं केलं, मुगल सिक्का है म्हणाला आणि लगेच विकत मागितलं. नाण्यांवर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. शेवटी आमच्या शाळेतल्या एका बाईंनी ओमतीच्या वस्तीमागे राहणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांचं घर सांगितलं. ते आयुष्यभर कॉलेजात फारसी शिकवत होते.

त्यांनी खिडकीजवळ पांढरा टॉवेल पसरला आणि नाणी उन्हात तिरकी धरून पाहिली. चांदीची होती ती जवळजवळ कोरी झाली होती. ही इतकी कोणी घासली, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, नवरा आल्यावर त्याला चकचकीत दिसावीत म्हणून बाबांची आजी दर दिवाळीला भांड्यांबरोबर ही नाणीही राखेनं घासायची. ती नाणी त्यांनी हळूच बाजूला सरकवली.

निकेलची मात्र वाचण्याजोगी होती. मधली दोऱ्याच्या गुंत्यासारखी खूण म्हणजे तुर्कांच्या सुलतानाची सही, असं त्यांनी दाखवलं. तिच्या कडेला एक लहानसा शब्द होता, त्यावरून त्यांनी सुलतान ओळखला. खाली हिजरी साल होतं, तो गादीवर बसला ते. सहीभोवती तीन शब्द होते, ते त्यांनी बोट ठेवून वाचले: हुर्रियत, मुसावात, अदालत. मग नाणं उलटलं आणि टाकसाळीचं नाव वाचलं. कुस्तुनतुनिया.

मी भूगोल शिकवते. कुस्तुनतुनिया म्हणजे आजचं इस्तंबूल हे मला माहीत होतं, आणि बसऱ्यापासून ते किती दूर आहे हेही. तरी मी विचारलं की सगळ्यांवर हेच नाव आहे का. त्यांनी प्रत्येक नाणं पुन्हा पाहिलं.

"बेटी," ते म्हणाले, "यह तो सिर्फ़ इतना बताता है कि सिक्का कहाँ ढला."

घरी जाताना ऑटोत वाटलं, बगदाद म्हणून सांगून टाकावं. म्हाताऱ्याला कोण तपासून देणार आहे? पण बाबा उशीला टेकून दाराकडेच बघत बसले होते. मला खोटं बोलवलं नाही. आधी मी त्यांना ते तीन शब्द सांगितले.

"अदालत मंजे कोर्ट?"

"इथं न्याय म्हणून आहे बाबा. स्वातंत्र्य, समता, न्याय."

दर सहा डिसेंबरला पांढरा सदरा घालून पुतळ्याला हार घालायला जाणारा हा माणूस. "समता," ते म्हणाले. "अन् आजाच्या खिशात. खेचरं हाकून राहिला होता तो, वाचता बी येत नव्हतं त्याले." मग त्यांनी गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं.

"तिथं मेला काय?"

"नाही. तिथं ही नाणी पाडली. मग ती साऱ्या मुलखात चालली."

"मंजे काहीच नाही समजत."

"नाही, बाबा."

"काहून आणलं मग त्यानं हे," ते म्हणाले. तो सोबती मरूनही किती वर्षं झाली होती. पुढे म्हणाले, बरं झालं आजी आधीच गेली. ती शेवटपर्यंत कुंकू लावत होती.

मी तेवढ्यावर थांबले नाही. नेटवर नाणी जमवणाऱ्यांच्या एका गटाला फोटो पाठवले. त्यांनी प्राध्यापकांचंच वाचन बरोबर ठरवलं. ही नाणी सगळीकडे मिळतात, घासलेल्यांचं काहीच सांगता येणार नाही, असंही लिहिलं. त्या लढाईत मेलेल्यांची नावं जिथे शोधता येतात तिथेही शोधलं. खेचरवाल्यांची सगळी नावं कोणी लिहून ठेवली होती की नाही, कोण जाणे. किंवा आम्ही त्यांचं नाव जसं घेतो तसं ते कुठे लिहिलंच गेलं नसेल. माझी मुलगी म्हणाली, "मम्मी, अब रहने दो." तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच देते.

बाबांनी पुन्हा तो विषय काढला नाही. शाळेतून आले की मी त्यांच्याजवळ बसायची. आम्ही उकाड्याचं बोलायचो, नळाच्या पाण्याचं, पायांवर चढलेल्या सुजेचं. कधीकधी ते माझ्याकडे बघून काहीतरी विचारणार असं वाटायचं, आणि मग ते कूलर बंद कर म्हणायचे. उन्हाळा संपायच्या आत ते गेले.