रिकामी गाडी उडते

गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्यानं तिची अख्खी कुंडली मांडली होती. चारी बाजूंनी बंद गाडी, ड्रायव्हरच्या मागं भिंत नाही. माल ठेवायची जागा साडेदहा फूट लांब, आत माणूस थोडा वाकला तर उभा राहील एवढी उंच. दीड टन माल पेलणारी. डिझेल इंजिन, टर्बो, पाच गिअर, पॉवर स्टिअरिंग, मागच्या चाकांवर स्प्रिंगचे लोखंडी पाटे. ऐंशीच्या पुढे पळवायची म्हटलं तरी पळणार नाही, ती वेसण कंपनीनंच घातलेली. मी नव्या नवरदेवासारखा मान डोलावत होतो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, रिकामी कशी चालते? शोरूमवाला म्हणाला, रिकामी तर हवेसारखी पळते काका. बाबांनी तोंड वाकडं केलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

बाबांनी जन्मभर हमाली केली. सौंसरला आणि पांढुर्ण्याला संत्र्याच्या हंगामात त्यांनी किती गाड्या भरल्या असतील, त्याचा हिशोब त्यांच्या पाठीलाच ठाऊक. ते गाडीची किंमत नाही, बसक बघायचे, भार घेऊन ती कशी बसते ते. म्हणायचे, रिकामी गाडी उडते, भरलेली गाडी बसते. मला तेव्हा ते उगाच म्हातारं शहाणपण वाटायचं. वर्षभर चालवल्यावर कळलं. ते पाटे दीड टनासाठी बनवलेले. वर काही नसलं की ते वाकतच नाहीत, रस्त्यातला खडा न् खडा सरळ पाठीच्या कण्यात येतो. संत्र्याचे कॅरेट भरले की तीच गाडी जेवून उठलेल्या पाटलासारखी चालते. इंजिनचंही तसंच. फेरे कमी असले तर ते पेंगतं, जरा वाढवले की टर्बो जागा होतो आणि मग चढावर तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता ओढतं. ब्रेक मात्र लवकर धरायचा, खरं म्हणजे ब्रेक धरायचाच नाही, गिअर उतरवत यायचं.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या मणक्यात गाठ निघाली. नागपूरला तपासायला नेताना गाडीत संत्री होती, बाबा माझ्या बाजूला बसले, गप्पा मारत गेले. येताना गाडी रिकामी. सावनेरपर्यंत त्यांनी दात आवळून धरले. तिथं मी चहाला थांबलो तर ते उतरले नाहीत. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडानं म्हणत होते, काही नाही, धूळ गेली. हमाल माणूस. पन्नास किलोचं पोतं पाठीवर असताना ज्यानं कधी हाय केलं नाही, त्याला माझ्या गाडीनं रडवलं. मला त्या गाडीचा इतका राग आला की चाकाला लाथ मारली. चाकाला काय होणार, माझाच अंगठा सुजला.

नंतर ते नागपूरच्या दवाखान्यात भरती झाले. काही आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. म्हणजे काय ते आम्हाला समजलं, बाबांनाही समजलं. त्यांना गावी रामाकोन्याला, आपल्या दारात, विहारासमोरच्या लिंबाखाली पडायचं होतं. दुसरं काही मागितलं नाही. मी अॅम्बुलन्स बघतो म्हणालो, तर डोळे वटारले.

"त्या गाडीत मी मेल्यावर जाईन," म्हणाले. "घरची गाडी हाये ना? तिच्यातच नेजो."

घरची गाडी. पण तिच्यात त्यांना रिकामं नेणं म्हणजे सगळ्या वाटेनं त्यांच्या मणक्यावर घण घालणं. आता तर ते बसूही शकत नव्हते. मी सकाळीच नागपूरच्या मार्केटमध्ये गेलो. रामाकोना, सौंसर, लोधीखेडा, कुठलाही माल द्या, भाडं नको म्हणालो. लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. शनिवार होता, त्या दिवशी आमच्या बाजूला कोणाचंच काही जात नव्हतं. रेतीची पोती भरावी म्हणून एका बांधकामावर विचारलं, तर तिथल्या माणसानं मला हाकललं. मीही त्याला दोन शब्द सुनावले आणि परत आलो.

दवाखान्याच्या आवारात आमची माणसं बसलेली. डबे उघडले होते, आत्या कोणाला तरी भाजी वाढत होती. बाबांना घरी नेणार हे कळल्यावर वस्तीतले, नात्यातले, सगळे सकाळच्या बसनं आले होते. मी रागातच होतो, म्हणालो, एवढी गर्दी कशाला केली, परत कसे जाणार? आणि म्हणता म्हणताच उमगलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वजन तर हे समोर बसून भाकर खात होतं.

मालगाडीत माणसं भरायची नसतात, हे मला ठाऊक आहे. कोणी भरू नयेत, असंच मी इतरांना सांगतो. त्या दिवशी मी भरली.

आईनं मधोमध गाद्या टाकल्या. बाबांना चादरीसकट उचलून आम्ही आत झोपवलं. बाजूचं सरकतं दार हवेसाठी हातभर उघडं ठेवून बांधलं. आणि मग गंमत सुरू झाली. त्या दिवसाला गंमत म्हणणं बरं नाही, पण तीच होती. कोणी कुठं बसावं हे बाबा पडल्या पडल्या सांगू लागले. तू इकडं, तू पुढं, बाया मधात, एका बाजूला भार नका देऊ. आवाज बसलेला, पण तोच आवाज, मी लहानपणी मार्केटमध्ये ऐकलेला. माणसं मुकाट्यानं सांगितल्या जागी बसत होती.

शेवटी काका उरला. बाबांचा सख्खा धाकटा भाऊ, भिंतीला भिंत लागून घर. सांडपाण्याच्या नालीवरून दोघांचं वाजलं आणि तेव्हापासून बोलणं बंद. किती वर्षं, ते आता नालीलाही आठवत नसेल. तरी तो आला होता, फक्त वर खाटेपाशी गेला नव्हता, आवारातच बसून होता. काका चक्की चालवतो, देहानं चांगला भरलेला. तो गाडीच्या दाराशी पिशवी धरून उभा राहिला. बसनं जातो, असं माझ्याकडे बघून पुटपुटला. मला इतकी चीड आली की मी जा म्हणणारच होतो.

"चाकावर बसव त्याले," बाबा छताकडं बघत म्हणाले. "तोच जड हाये."

काका चढला. मागच्या चाकावरच्या उंचवट्यावर जाऊन बसला, पिशवी मांडीवर घेऊन. गाडी खाली बसली, मला पुढं स्टिअरिंगवर जाणवलं.

मग मी जशी चालवली तशी गाडी आयुष्यात कधी चालवली नाही. ब्रेकर दिसला की दुरूनच गिअर उतरवायचा, चाक चढायच्या आधी क्लच अर्धा, उतरताना पाय हलका. पाटे दबलेले, गाडी डुलत होती, उडत नव्हती. आरशात मला फक्त माणसांची डोकी दिसत होती, सगळी एकदम हलायची, एकदम थांबायची. मागून बाबांचा आवाज आला नाही. पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली, मग आई म्हणाली, झोपले.

राज्याची सीमा ओलांडून आपल्या हद्दीत शिरल्यावर नाक्यावर पोलिसानं हात केला. मी उतरायच्या आधी त्यानं मागचं दार उघडलं होतं. आत एवढी माणसं बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. क्या माल है, त्यानं विचारलं. बाबा जागे झाले होते.

"घर का माल है साहब," ते म्हणाले. "घर जा रहा है."

त्यानं बाबांकडं बघितलं, आईकडं बघितलं. मग दार लोटलं, न आपटता. मला म्हणाला, आगे भीड़ है, जामसांवली वालों की, धीरे जाना. शनिवारची मारुतीच्या दर्शनाची गर्दी. त्याच्या पोरांचं भलं होवो.

सौंसरच्या पुढं रस्ता खोदलेला होता. तिथं मी पहिल्या गिअरमध्ये आलो, मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून डोकं उठवलं, एका जीपवाल्यानं शिवी दिली. एरवी मी त्याला उतरून भेटलो असतो. एका खड्ड्यात मागचं चाक गेलंच. आरशात बघतो तर काका गादीवर वाकलेला, एक हात बाबांच्या कमरेखाली घातलेला. तो हात त्यानं पुढं घर येईस्तोवर काढला नाही.

वस्तीत ही गाडी वळत नाही, लांबी नडते. मी उलटी घेत घेत लिंबाखाली लावली. लोक भराभरा उठायला लागले तसे बाबा ओरडले. ओरडले म्हणजे त्यांना जमलं तेवढे.

"एकेक उतरा. गाडी एकदम वर येते."

एकेक उतरलं. एकेकाबरोबर पाटे जरा जरा सुटत गेले. आत्या उतरली, शेजारी उतरले, पोरं उतरली. मी दारात उभा.

"सारा माल उतरला का रे?"

"दोन नग राहिले, बाबा," मी म्हणालो. मला हसू येत होतं.

"मग पयले मले उतरव. तो बसू दे." मग मान न वळवता, "बसशीन ना?"

"बसलो हाव, दादा," काका म्हणाला. "तू उतर आरामानं."

आम्ही बाबांना उचलून खाटेवर नेलं. काका रिकाम्या गाडीत चाकावर तसाच बसून होता. बऱ्याच वेळानं आईनं त्याला चहाला हाक मारली, तेव्हा उतरला.

बाबा त्या लिंबाखाली पुढं काही दिवस राहिले. काका रोज चक्की बंद करून यायचा. दोघं बोलत फार नव्हते, नालीचा विषय तर निघालाच नाही. संत्र्याच्या आंब्या बहराची शेवटची गाडी मी भरून आलो त्या पहाटे बाबा गेले. विहारात वंदना झाली. तिरडी नेताना पुढच्या बाजूला मी एका खांद्याला होतो, काका दुसऱ्या. रस्त्याला लागल्यावर त्यानं खांदा जरा वर उचलून बघितला, पोतं तोलून बघावं तसा, आणि हळूच मला म्हणाला,

"वजनच नाही राहिलं रे याचं."