टॉवेलावरची अक्षरं

गणिताच्या चौकटींच्या वहीत एकेक घर रंगवून अक्षरं बनवायचा मला नाद आहे. शिकवलं कुणी नाही. गोल वळण कुठंच घ्यायचं नाही, नुसती घरं भरायची, आणि तरी अक्षर ओळखू आलं की लई आनंद होतो बघा.

धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा मीच पुढं होऊन म्हटलं, व्याह्यांच्या आहेरातल्या टॉवेलांवर माझ्या अक्षरांत ‘शुभविवाह’ विणून घेऊ. बहिणीनं विश्वासानं हो म्हटलं. अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात टॉवेल विणून घेतले आणि गठ्ठा थेट मांडवातच सोडला.

कापडात उभे धागे दाट असतात, आडवे विरळ. त्यामुळं कागदावरचं चौकोनी घर टॉवेलावर उभट होतं. जन्म सोलापुरात गेला, तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अक्षरं ताणून ओळखीच्या पलीकडं गेली होती.

व्याह्यांनी टॉवेल पसरून चष्मा लावला. “काय लिहिलंय हो हे?”

त्यांची बहीण म्हणाली, “लिहिलंय कुटं? खिडकीचे गज हायत की!”

सगळे हसले. माझ्या बहिणीचा चेहरा उतरला. माझ्याकडं न बघताच ती म्हणाली, “लिहिलेलं न्हाय, नक्षी हाय ती. व्हय की न्हाय गं अक्का?”

“व्हय, नक्षीच हाय,” मी म्हटलं.

“झकास हाय की नक्षी,” म्हणत व्याह्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि जेवणं होईपर्यंत मिरवला. मी वाढायला उठले खरी, पण त्यांच्या पंगतीत काही माझ्यानं जाववलं नाही.