अण्णांनी ज्याला पोरा म्हटलं

उत्तर सीमेवरच्या पोस्टिंगची ऑर्डर आली आणि जाण्याआधी आम्हा दोघांना एकदमच रजा मिळाली. हुद्द्याने मी नाईक, विलास लान्स नाईक. इंजिनिअर रेजिमेंटमध्ये आम्ही एकाच सेक्शनला होतो. तो निलंग्याकडचा, मी जळकोट तालुक्यातला. रजेतले चार दिवस तो माझ्याकडे राहायला आला.

आमच्या गावाबाहेर साठवण तलाव आहे. गावाचाच तलाव, तिथे कुणीही गळ टाकावा. माझे वडील, अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांचा मुक्काम तिथेच असायचा. विलासला मासेमारी बघायची होती, म्हणून आम्ही पाळीजवळच्या बाभळीखाली तंबू ठोकला. जमीन साफ केली, कडेने चर खणला, तीन दगडांची चूल मांडली. ही कामं आम्ही न बोलता करायचो.

अण्णा मुळात अबोल माणूस. मी भरती झालो त्या दिवशी बसस्टँडवर आले, बॅग वर चढवून दिली आणि निघून गेले. मी कधी त्यांच्याशेजारी बसून गळ लावायला शिकलो नाही. त्यांनी बोलावलं नाही, मी विचारलं नाही.

विलासने पहिल्याच सकाळी विचारलं. आमिषाला गांडूळ की कणीक, मरळ कुठे बसते, काठी कधी झटकायची. त्याला वडील आठवत नव्हते, लहानपणीच गेले होते. अण्णा त्याला सगळं सांगत होते. मी चुलीपाशी बसून ऐकत होतो. त्या सकाळी अण्णा जेवढं बोलले, तेवढं माझ्याशी सगळ्या वर्षांत मिळून बोलले नसतील. दुपारी विलासच्या गळाला मरळ लागली तेव्हा अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. माझी पाठ तिथून हातभरावर होती.

मला राग विलासचा येत नव्हता. तो भाकरी मोडतानासुद्धा पहिला तुकडा माझ्यापुढे करायचा. राग यावा असं त्याच्यात काही नव्हतं, आणि त्यामुळे जळफळाट जास्तच होत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सरपण गोळा करत होतो. अण्णांच्या गळाला मोठा कटला लागला आणि दोरा पाण्यातल्या झुडपात अडकला. तो सोडवायला अण्णा धोतर खोचून पाण्यात उतरले. तिथे पूर्वी गुडघाभर पाणी असायचं. पण उन्हाळ्यात जेसीबीने गाळ काढला होता आणि कडेलाच खोल खड्डा झाला होता. पावसाने तलाव भरल्यावर तो वरून दिसत नव्हता. अण्णांचा पाय सुटला, धोतर झुडपात गुंतलं आणि ते खाली गेले.

विलास जवळ होता. त्याने बूटही काढले नाहीत.

"बालाजी, रोप. अँकर तू," तो मला ओरडला, म्हणजे काठावरून दोर मी धरायचा.

मी तंबूचा दोर तोडला, बाभळीला एक वेढा दिला, दुसरं टोक त्याच्याकडे फेकलं आणि पाळीवर आडवा झालो. तो दोनदा खाली गेला. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याच्या काखेत अण्णांचं डोकं होतं.

"खेच."

मी खेचलं. तळहाताची साल निघाली. दोघं चिखलातून बाहेर आले. अण्णांना उपडं केलं, पाणी काढलं. त्यांना श्वास आला तेव्हा त्यांनी विलासचा दंड घट्ट धरला.

"पोरा," ते म्हणाले, "तू होतास म्हणून हाय मी."

मी हाताला रुमाल बांधला आणि चहा ठेवला.

रजा संपली. आम्ही पोस्टवर पोचलो. आमचं काम रस्ता उघडा ठेवण्याचं होतं. रोज पहाटे पार्टी निघायची, सुरुंगांसाठी वाट तपासायची, मग गाड्या सुटायच्या. त्या दिवशी विलासची पार्टी पुढे होती, मी पोस्टवर रेडिओवर होतो. आधी दूरवर स्फोटाचा आवाज झाला, मग सेट बोलला.

"एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"नाव सांगा. ओव्हर."

नाव सांगितलं. मी ते पुढे कळवलं. ते माझं काम होतं.

विलास गेल्याचा फोन अण्णांना मीच केला. फोन चालू राहिला आणि मला त्यांचं रडणं ऐकू आलं. त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. नंतर ते एकटे एसटीने निलंग्याला गेले आणि विलासच्या आईजवळ आठवडाभर राहिले. पुढच्या रजेत मी घरी आलो तेव्हा त्यांनी विलासचं सगळं विचारलं. माझं काही विचारलं नाही. पार्टीत त्या दिवशी मी असतो तर ते एवढे रडले असते का, हा विचार मी बरीच वर्षं बाळगला.

आता मी हवालदार म्हणून निवृत्त झालो आहे. यंदा पावसाळा सरल्यावर अण्णांसोबत पुन्हा तलावावर मुक्काम केला. ते आता थकलेत, गळाला आमिष मी लावून देतो. संध्याकाळी मी त्यांना तो प्रश्न विचारला.

त्यांनी पाण्यावरची नजर काढली नाही.

"त्याच्यामागं रडाया तरी उरलो मी," ते म्हणाले. "तू गेला असतास तर उरलोच नसतो."

हेवा तिथेच संपला असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट माझ्याकडे होती, जी मी त्यांना कधी दिली नव्हती. ती त्या संध्याकाळी सांगितली. विलासला धड पोहता येत नव्हतं. ट्रेनिंगला पोहण्याच्या टेस्टमध्ये तो दोनदा नापास झाला होता, तिसऱ्यांदा कसाबसा पास झाला. खोल पाण्याला तो घाबरायचा. हे आमच्या सेक्शनमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

अण्णांनी काठी खाली ठेवली.

"आन तरी उतरला?"

"हाव," मी म्हणालो. "बूट घालून."