सात मोटारी आणि एक ग्राफिक्स कार्ड

"दादा, कॉम्प्युटर बंद पडला."

मंगळवारी सकाळी सव्वादहाला रोहिणीताईंचा फोन आला, तेव्हा मी पौडच्या माझ्या दुकानात एका प्रिंटरच्या पोटातून अडकलेला कागद ओढत होतो. कागद अर्धा फाटून हातात आला.

"बंद म्हणजे कसा? हँग झाला, की निळा स्क्रीन आला?"

"काहीच आलं नाही. खटकन बंद. आणि सरांचा व्हिडिओ कॉल चालू होता."

नवाकोरा डेस्कटॉप, मी स्वतः एकेक पार्ट निवडून जोडलेला. कालच मालेला त्यांच्या घरी पोचवून आलो होतो. प्रिंटर तसाच उघडा टाकला आणि गाडीला किक मारली.

आधी रोहिणीताई कोण ते सांगतो. माले गावाच्या शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्या ज्ञानोबा आबांची ही सून. माहेर लातूरकडचं. बाणेरच्या एका स्टुडिओत चार वर्षं नोकरी केली. इमारत बांधून झाल्यावर कशी दिसेल, त्याची हुबेहूब फोटोसारखी चित्रं काढायचं काम. त्यात माणसाचं काम संपलं, की कॉम्प्युटर दोन-दोन तास गणित करत ते चित्र रंगवत बसतो. त्याला रेंडर म्हणतात. मध्येच बंद पडला तर पुन्हा पहिल्यापासून.

मुलगी झाली आणि रोजचं मालेहून बाणेर जमेना. नवरा पिरंगुटच्या कंपनीत शिफ्टला. स्टुडिओच्या सरांनी एक संधी दिली. स्वतःचं मशीन घ्या, एक पूर्ण दिवस दहा ते पाच आमच्याबरोबर ऑनलाइन काम करून दाखवा, सांगितलेले बदल दोन-दोन तासांत परत पाठवा. जमलं तर घरून कायम. नाही जमलं तर जागा दुसऱ्याला.

"दादा, हे सुटलं ना, तर मी परत कधी उभी राहीन मला माहीत नाही," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. मांडीवरची पोर त्यांची यादी चघळत होती.

ती यादी पाहून खरं तर मलाच घाम फुटला होता. मी मूळचा परभणीचा. हिंजवडीत सात वर्षं डेस्कटॉप सपोर्ट केला, मग पौडला दुकान टाकलं. पण मी जोडलेले कॉम्प्युटर म्हणजे झेरॉक्सवाल्यांचे, पतसंस्थेचे, शाळेच्या ऑफिसचे. त्यांना टायपिंग आलं, प्रिंट आली, की झालं. असं दांडगं मशीन ताईंचंही पहिलं आणि माझंही पहिलंच. पण तसं कबूल करायला जीभ वळली नाही. म्हटलं, "होऊन जाईल, ताई."

यादी त्यांनी व्हिडिओ बघून बनवली होती. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, बाजारातला सगळ्यात महागडा. मी विचारलं, "तुमचं सॉफ्टवेअर रेंडर कशावर करतं? प्रोसेसरवर की ग्राफिक्स कार्डवर?"

"कार्डवर."

"मग डोक्यावरचा खर्च कमी करू आणि कार्डावर वाढवू."

रॅमवर घासाघीस झाली. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा लहान असला तर हात कितीही चलाख असून उपयोग नाही, सारखी भांडी उचलाठेव करावी लागते. त्यांनी सोळा लिहिली होती, मी खोडून बत्तीस केली. भिंतीतली वीज कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, तो मी साडेसातशे वॅटचा, उत्तम प्रतीचा घेतला. ग्राफिक्स कार्ड कामाला लागलं की आधाशासारखी वीज खातं, हे मला पक्कं ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा. पुढे माझी शोभा होणार आहे ती इथेच.

मग कॅबिनेट. ताईंना काचेचं हवं होतं, आत रंगीत दिवे फिरणारं. आबा इतका वेळ दुकानाच्या दारात गप्प बसले होते.

"ह्ये दिवं कशाला? गनपतीत लावायचं का?"

ताई हसल्या. खळ्यावरच्या भुश्शाचा विचार करून जाळीचं, फिल्टरवालं कॅबिनेट ठरलं. सगळं झालं असं वाटत असताना आबांनी विचारलं, "आन लाईटीचं काय?"

"यूपीएस देतोय ना, आबा. बॅटरी असते त्यात. लाईट गेली तरी चालू राहील."

"जायचं सोडा वो, इंजिनेर. लाईट जाती तवा कायबी व्हत न्हाई. येती तवा व्हतं."

मी हसलो. म्हातारा माणूस काहीतरी बोलतोय, असं समजून हसलो. आणि यूपीएस म्हणून तालुक्यातल्या प्रत्येक टेबलाखाली जो छोटा डबा ठेवतो, तोच यादीत लिहिला. हात सवयीनं गेला.

जोडणी झाल्यावर दुकानात दोन दिवस मशीन पिदडलं. कार्ड भट्टीसारखं तापवलं, एकदाही कुरकुरलं नाही. सगळं थंड झाल्यावर यूपीएसची पिन भिंतीतून ओढून बघितली. स्क्रीनची पापणीसुद्धा हलली नाही. मीच माझी पाठ थोपटून घेतली.

तर मंगळवारी मालेला पोचलो तोवर मशीन मजेत चालू होतं. रॅम काढली, पुसली, दुसरी लावली. दुपारपर्यंत बसलो. काही नाही. परत आलो. बुधवारी दहा वाजून दहा मिनिटांनी पुन्हा फोन. या वेळी मशीनच जीपमध्ये घालून पौडला आणलं, एसएमपीएस बदलला, दिवसभर रेंडर लावलं. हूं का चूं नाही! माझ्याकडे शहाण्यासारखं चालायचं आणि मालेला गेलं की आडवं व्हायचं. मला तसंही एक जागी बसवत नाही. एखादी गोष्ट का बिघडली हे कळेपर्यंत घास घशाखाली उतरत नाही. त्या दिवशी डबा तसाच घरी नेला, बायकोनं उघडून पाहिला आणि गाईला घातला.

संध्याकाळी मशीन परत पोचवलं, तेव्हा ताई सरांशी फोनवर बोलत होत्या. त्यांनी स्पीकर लावला.

"मॅडम, काल बंद, आज बंद. क्लायंटसमोर आम्ही काय दाखवायचं?"

मला राहवलं नाही. "सर, मी त्यांचा हार्डवेअर इंजिनिअर बोलतोय. बघतोय मी."

"दोन दिवस बघताय ना? शुक्रवारी शेवटची ट्रायल. नंतर मला फोन करू नका."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "ताई, शुक्रवारी पौडला माझ्या दुकानात बसा. तिथं नक्की चालतं."

त्या माझ्यावर उखडल्याच. "दादा, शुक्रवारचं होईल. सोमवारचं काय? दुकानात जाऊनच बसायचं असतं तर बाणेरलाच गेले नसते का? मला घरी चालणारं मशीन हवंय. तुम्ही म्हणाला होतात, होऊन जाईल."



गुरुवारी नऊलाच त्यांच्या घरी जाऊन बसलो. रेंडर लावायला सांगितलं आणि भिंतीच्या सॉकेटमध्ये मल्टिमीटर खुपसला. म्हणजे वीज किती व्होल्टची येते ते दाखवणारं यंत्र. दोनशे तीसच्या आसपास, अगदी झकास. दहा वाजून दहा मिनिटांनी अंगणातून आबांचा आवाज आला, "आली बगा थिरीफेज!" थ्री फेज म्हणजे शेतातल्या पाण्याच्या मोटारींसाठी ठरावीक तासच येणारी वीज; घरातली लाईट त्याआधीही असते.

नदीच्या बाजूनं एकदम घूंऽऽ असा आवाज उठला. डोक्यावरचा दिवा तांबडा झाला. मीटरवर एकशे अठ्ठेचाळीस. यूपीएस खट् वाजला, एक लांब शिट्टी मारली आणि मेला. त्याच्यामागे मशीन मेलं. तेवढ्यात दिवा पुन्हा लख्ख! मीटर दोनशे पंचवीस. पुन्हा घूंऽऽ, पुन्हा एकशे पन्नास. हा नाच पंचवीस मिनिटं चालला आणि मग सगळं शांत.

मी कपाळावर हात मारला. पौडला यूपीएसची पिन ओढली होती, ती मशीन थंड असताना! ऑफिसातल्या कॉम्प्युटरला तेवढी परीक्षा पुरते. इथं कार्ड रेंडर करताना जेवढी वीज खातं, तेवढी त्या छोट्या डब्याला देताच येत नव्हती. भार अंगावर आला की तो हात वर करत होता. एसएमपीएस साडेसातशेचा आणि त्याच्या मागे उभा केला पतसंस्थेचा यूपीएस. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

"मोठा यूपीएस आजच पुण्याहून आणतो," मी म्हटलं. "पण आबा, एवढ्या जड मशीनला तोही सात-आठ मिनिटं पुरेल. नाच पंचवीस मिनिटांचा आहे. हे होतं काय नेमकं?"

आबा उंबऱ्यावर टेकले. "आपल्या डीपीवर सात मोटारी हायेत." डीपी म्हणजे वस्तीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. "थिरीफेज आली की सातीबी एकदम उटत्यात. वजं पेलत न्हाई, पडत्यात. परत एकदम उटत्यात. दोन-चार तगल्या की मंग बाकीच्याबी तगत्यात."

"पण एकदम का?"

"ऑटो हाय न्हवं पेटीत. लाईट आली की आपसूक चालू. आदी ऑटो नव्हतं, तवा ह्यो नाच बी नव्हता. गडी चालत जाऊन बटन दाबायचा. ज्याचं रान लांब, त्याची मोटार मागनं. बबनचं रान लई लांब, तवर आमचं निम्मं भिजायचं."

मी ताडकन उठलो. ऑटोच्या पेटीत एक छोटा खटका असतो, लाईट आल्यावर किती सेकंद थांबून मोटार सुरू करायची ते ठरवणारा. सातही ऑटो पौडच्या एकाच दुकानातून आणलेले. खटक्याला कुणी हात लावलेला नव्हता. साती जणी एकाच सेकंदाला उठत होत्या, एकाच सेकंदाला पडत होत्या.

पुण्याला जाऊन यूपीएस घेऊन आलो. सहाला थ्री फेज गेली, तशी आबांनी बाकीच्या सहा मोटारवाल्यांना नदीवर बोलावलं. मी समजावून सांगितलं, वीस-वीस सेकंदांचं अंतर ठेवायचं. पाच जण मान डोलवत होते. बबनराव डोलवेनात.

"तुमच्या सुनंच्या कंप्यूटरपायी माजी मोटार मागं? आनि पयली कुनाची लावनार? तुमचीच का?"

"बबन्या, दोन मिनटात तुजी टमाटी वाळनार हायेत का?"

"प्रश्न टमाट्याचा न्हाई, आबा."

प्रश्न कशाचा होता ते सगळ्यांनाच कळत होतं. कोण आधी आणि कोण मागं, यावर या नदीकाठी सोयरिकी मोडल्या आहेत. मी तोंड उघडणार होतो, आबांनी हातानं गप्प केलं.

"तुजी पयली. माजी सगळ्यात शेवट. झालं?"

बबनराव एकदम ओशाळले. "पयलीच पायजे असं न्हाई म्हनत मी..." असं पुटपुटत त्यांनी स्वतःच मेन स्विच पाडला आणि पेटी उघडून दिली. अंधार पडायच्या आत सातही खटके लावून झाले.

शुक्रवारी दहाला ट्रायल सुरू झाली. मी ताईंच्या खुर्चीमागे येरझारा घालत होतो. त्यांनी कॉल म्यूट केला आणि म्हणाल्या, "दादा, तुम्ही बाहेर बसा. तुमच्यामुळे मला धडधडतंय."

ओसरीवर आबांशेजारी जाऊन बसलो. त्यांच्या मांडीवर नात. दहा वाजून दहा मिनिटं. नदीवरून एक मोटार बोलली. आतून यूपीएसचा एक खट्. मशीनचा पंखा चालूच. दुसरी मोटार, खट्. तिसरी. मी बोटांवर मोजत होतो. चौथी, पाचवी, सहावी. दिवा जरासा मिचकायचा आणि सावरायचा. मग शांतता. वीस सेकंद झाले, चाळीस झाले, मिनिट झालं. सातवी येईना.

"आबा, तुमची उठली नाही! ऑटो गेला की काय?" मी चपला शोधायला लागलो.

"बसा खाली," आबा म्हणाले. "बंदच ठिवलीया. आजच्या दिस कशाला इषाची परीक्षा?"

पाच वाजायला दहा मिनिटं असताना आतून हाक आली, "गेली फाईल!" मी धावत आत गेलो. सर कॉलवर होते. "ओके मॅडम. सोमवारपासून रेग्युलर." एवढंच बोलले आणि गेले. ताईंनी हेडफोन काढला आणि चक्क रडायलाच लागल्या. माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू!

आबा तिथं नव्हते. पोरीला आजीकडे देऊन ते शेतातून नदीकडे चालत निघाले होते. थ्री फेज जायला तासभर उरला होता. थोड्या वेळानं सातवी मोटार बोलली.

या गोष्टीला दोन उन्हाळे झाले. मशीन उत्तम चालू आहे. बबनरावांची मोटार दरवर्षी जळायची, तीही थांबली. आता हे खटके त्यांनीच सुचवले असं ते सांगत फिरतात.

मी माझ्या दुकानातला फॉर्म बदलला. प्रोसेसर, रॅम, कार्ड हे सगळं खाली गेलं. सगळ्यात वर एकच प्रश्न आहे: लाईट येते तेव्हा काय होतं? परवा कोळवणला फार्महाऊस घेतलेले पुण्याचे एक साहेब गेमिंगचं मशीन करायला आले होते. मी म्हटलं, "आधी तुमच्या डीपीवर मोटारी किती आहेत ते विचारून या."

ते हसले. आबांपुढे मी हसलो होतो, अगदी तसेच.