डासांना जेवू घालणारी कुंदा

कुंदा गेली तेव्हा भेटायला आलेल्या बहुतेकांनी मला एकच विचारलं, ‘डेंग्यू झाला होता का?’ त्यांची तरी काय चूक? जिचं सगळं आयुष्य मुंबईतल्या प्रयोगशाळेत डासांच्या संगतीत गेलं, तिला शेवटी डासानंच नेलं असणार, असं कुणालाही वाटेल. मी सांगायची, नाही हो, पायात रक्ताची गुठळी झाली होती, ती फुप्फुसात गेली.  आता महिना उलटून गेलाय. लोधिवलीच्या या घरात विचारपूस करायला कुणी येत नाही, आणि मलाच वाटतं, कुणीतरी यावं, पुन्हा तेच विचारावं, म्हणजे तिच्याबद्दल बोलता येईल...

कुंदा माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती नुकतीच नोकरीला लागली होती. काम काय, तर डास पाळायचे. पिंजऱ्यात वाढवलेल्या डासांना रक्त हवं, म्हणून त्या काळी ही मंडळी सरळ स्वतःचा हात जाळीतून आत घालून बसायची. माझ्या सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. मीही आधी हसले. पण कुंदा समजावून सांगायला बसली की ऐकत राहावं असं बोलायची. ती म्हणायची, डासाची मादी नुसती सुई घेऊन आली तर उपाशी मरेल. जखम झाली की आपलं रक्त गोठायला लागतं, शीर आखडते. म्हणून ती आधी लाळ सोडते. त्या लाळेत तऱ्हेतऱ्हेची प्रथिनं असतात. एखादं रक्त गोठू देत नाही, एखादं शीर सैल ठेवतं. खाज सुटते ती त्या लाळेविरुद्ध आपल्या शरीरानं केलेली तक्रार, आणि तक्रार पोचेपर्यंत बाई जेवून उठलेली असते. कुंदानं रक्त गोठू न देणारं प्रथिन अभ्यासाला धरलं होतं. ते वेगळं काढून गुठळ्यांवरचं औषध करता येईल, ही तिची आस.

खालापूरहून एक स्थळ आलं होतं. मुलगा सरकारी नोकरीत, मंडळी बरी. सासूबाईंनी कुंदाला ऐन वैशाखात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालायला लावला, कारण हातभर लाल गांधी. पोहे मी केले होते. मंडळींचं निम्मं खाणं झालं असेल, एवढ्यात कुंदाबाईंना उकडायला लागलं आणि त्यांनी खुशाल बाही वर सरकवली. मुलाच्या आईनं विचारलं, हे काय हाय गं हातावर? आमची कुंदा शांतपणे म्हणाली, ‘काल डासांना जेवू घातलं.’ मंडळींनी पोहे संपवले, चहाही घेतला आणि गेली ती गेलीच. निरोपसुद्धा आला नाही. मागच्या पडवीत मी रडले, आणि तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. पुढे काही वर्षांनी तिच्या हातावर गांधी उठणंच बंद झालं. शरीर त्या लाळेला सरावलं होतं, तक्रार करायची सोडली होती. सासूबाई तेव्हा म्हणाल्या, आता एखादं स्थळ बघू या. पण तोवर तिनं तो विचार सोडला होता.

तिचं औषध काही झालं नाही. अशी कामं एका माणसाच्या आयुष्यात पुरी होत नाहीत, असं ती म्हणायची. निवृत्त झाली त्याच सुमारास माझे मालक गेले, आणि ती कायमची इकडे राहायला आली. आम्ही दोघी भांडायचो, पापड लाटायचो, टीव्हीवरच्या मालिकांना नावं ठेवायचो. नणंद-भावजय म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणतात. आमचं तसं नव्हतं. मला तिच्याशिवाय कुणी नव्हतं, हे सरळच सांगते.

या पावसाळ्यात मागच्या पायरीवर ती घसरली, पाय मोडला, प्लास्टर घातलं. ते निघालं तरी पोटरी सुजलेलीच. तपासलं तर गुठळी. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ती वर सरकली तर हातात काही राहणार नाही. रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं दिली, रोज पोटाच्या कातडीखाली टोचायची. गावात रोज नर्स कुठली? कुंदानं मलाच शिकवलं. मी सुई हातात धरली ती फक्त गोधडी शिवायला. रोज सकाळी चहा झाला की मी साबणानं हात धुऊन तिच्या खोलीत जायची. ती डोळे मिटून पडायची आणि टोचलं रे टोचलं की म्हणायची, ‘कळलं.’ रोज तेच. तुझ्यापेक्षा माझे डास बरे, टोचलेलं कळत तरी नाही, असंही वर ऐकवायची. मी चिडून म्हणायची, उद्या बघ. एकदा मात्र रिकामी सिरिंज तिनं माझ्याकडून मागून घेतली.

‘वैनी, हेच काम करणारं डासाच्या लाळेत हाय गं. मला काढता आलं नाय, एवढंच.’

मी सिरिंज तिच्या हातातून घेऊन डब्यात टाकली. 

त्या दिवशी सकाळी मी टोचलं, सुई काढली, कापूस दाबला. ती बोलेना. मीच विचारलं, काय गं? तिनं डोळे उघडले.

‘झालं पण? आज कळलंच नाय गं, वैनी.’

मला इतका आनंद झाला की शेजारच्या सुमनला मी कुंपणावरून हाक मारून सांगितलं. दुपारी जेवताना कुंदाला धाप लागली. चौक गावाहून दवाखान्याची गाडी आली, पण पनवेलच्या वाटेतच ती गेली. डोकं माझ्या मांडीवर होतं.

माझा हात त्या दिवशी खरंच बसला होता, की तिचं शरीर आधीच बधिर होत चाललं होतं, की जाता जाता मला खूश करून गेली... मला अजून ठरवता येत नाही. डॉक्टर म्हणाले, सुई न कळण्याचा आणि जाण्याचा काही संबंध नसतो, मनाला लावून घेऊ नका. कुंदानंही हेच सांगितलं असतं.

उरलेली इंजेक्शनं मी दवाखान्यात देऊन टाकली. पण सकाळचा चहा झाला की अजून साबणानं मनगटापर्यंत हात धुते, आणि ओले हात पुढे धरून तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाते. पलंग आवरलेला असतो. हात वाळेपर्यंत मी तिथंच उभी राहते. मला तिची शाबासकी नको. तिनं नुसतं ‘कळलं’ म्हणावं.