दोन रिकाम्या जागा

बेबीनंदा मुळातच भित्री. वाटूरच्या शाळेत फळ्यापाशी बोलावलं की तिला कापरं भरायचं. अशी पोरगी जालन्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागली आणि वर पीएच.डी.लाही बसली. वडिलांना, रामरावांना, त्याचं कोण कौतुक! तिनं मात्र धसकाच घेतला होता.

विषय चुंबकांचा, तेही एका अणूइतक्या पातळ थरातल्या. ती परीक्षेच्या हॉलचं उदाहरण द्यायची. कॉपी होऊ नये म्हणून अकरावीच्या मुलाच्या चारी बाजूंना बारावीची मुलं बसवतात, तसे या थरात शेजारशेजारचे इलेक्ट्रॉन उलट तोंडांचे असतात. एक उठून गेला की रिकाम्या जागेत शेजारचा सरकतो, त्याच्या जागी आणखी कुणी, आणि बसवलेली घडी लाटेसारखी विस्कटत जाते. दोन रिकाम्या जागा शेजारी असल्या की विस्कटणं कमी, म्हणून त्या जोडीनं राहतात, असं तिचा प्रबंध सांगत होता.

पण त्या जागांवर विद्युतभारही सारखाच, म्हणजे त्या एकमेकींना ढकलणार. ते ढकलणं तिनं किरकोळ धरलं होतं. तोंडी परीक्षा आठवड्यावर आली आणि तिला दिसलं, एक भागाकार उलटा झालाय. ढकलणं चांगलंच जोरदार होतं. जोडी तुटत होती. घाबरून तिनं ते कुणालाच सांगितलं नाही.

औरंगाबादला विद्यापीठात रामराव पेढ्यांचा पुडा घेऊन सोबत आले आणि दाराबाहेर बाकावर बसले. आत बाहेरगावचे परीक्षक सोपंच विचारत गेले. शेवटी "छान" म्हणून त्यांनी पेनाचं टोपण लावलं. आता नुसतं गप्प बसायचं होतं. पण गप्प बसले तर ही भीती जन्मभर मानगुटीवर बसेल, याचीच तिला जास्त भीती वाटली. ती म्हणाली, "सर, माझं एक चुकलंय."

सगळं ऐकून परीक्षक म्हणाले, "मग हे पुन्हा लिहावं लागेल."

ती दाराबाहेर आली. वाटूरभर सांगून ठेवलेल्या बापाला काय तोंड दाखवायचं?

"झालं का गं?" रामरावांनी विचारलं.

"न्हाई दादा. चूक व्हती. मीच सांगितली."

रामरावांनी पुडा मांडीवर घेऊन दोरा चाचपला. मग त्यांनी गाठ सोडली.

"सकाळपासून पोटात काही न्हाई तुझ्या. खाय."

"हे तर गावात वाटायचे व्हते. आता गावाला काय सांगायचं?"

त्यांनी स्वतःही एक तोंडात टाकला. "सांगू, पेढे चांगले व्हते."