चोरकप्पा

त्या हॉस्पिटलच्या मॅनेजरचा मला अजून राग येतो. गेटवरच्या वॉचमनचा येतो, थोडा. सगळ्यात जास्त येतो तो माझा स्वतःचा, कारण ती आरपार दिसणारी बॅग मी माझ्या हातांनी कापली होती.

आमच्या बाबांची एसटी स्टँडजवळ चपला आणि बॅगा दुरुस्तीची टपरी होती. पुढे लाकडी ठोकळा, बाजूला आरी, चामडं कापायची रापी आणि मेण लावलेला दोरा. कुणी बाई तुटक्या पट्ट्याची पर्स घेऊन आली, की बाबा आधी एक रिकामी कापडी पिशवी तिच्यापुढे करायचे, आतलं सामान यात काढून घ्या म्हणायचे आणि तोंड रस्त्याकडे फिरवायचे. ती "झालं" म्हणेपर्यंत वळायचे नाहीत. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. शिवण मला त्यांनी शिकवली. तोंड फिरवणं शिकवलं नाही, ते मी नुसतं बघत आले.

बाबा गेल्यावर टपरी बंद झाली आणि मी घराच्या पडवीत काम मांडलं. चपला नाही, बायकांच्या चामडी बॅगा. त्यातही नर्सबायांच्या बॅगांकडे वळले ते भावजयीमुळे. माझ्या धाकट्या भावाची बायको देवरूखकडची, नर्सिंग शिकलेली, इथल्या एका खाजगी हॉस्पिटलात नोकरीला. तिची रेक्झिनची बॅग दर पावसाळ्यात सोलवटायची. तिच्यासाठी एक बॅग करायची ठरवली आणि विचारलं, आत काय काय असतं? तिने यादी सांगितली. डबा, पाण्याची बाटली, वॉर्डात घालायच्या चपला, कात्री, पेनं, जादा कुर्ता, पॅड. मग म्हणाली, "ताई, बॅग खाली ठेवता येत नाही. वॉर्डाच्या फरशीवर काय सांडलेलं असतं ते तुम्हाला नको सांगायला."

मग मी तिच्या मैत्रिणींना विचारलं. उपकेंद्रात काम करणाऱ्या, घाटी चढून वाड्यावाड्यांवर लस द्यायला जाणाऱ्या दोघीतिघींना विचारलं. सगळ्यांचे खांदे एकाच बाजूने उतरलेले. पहिल्या बॅगेला सॅनिटायझर लागून चामड्यावर पांढरे डाग पडले, म्हणून मुठीला धुता येईल असं कापडी वेष्टण केलं. तळाशी चपलांचा वेगळा कप्पा, आत पुसून निघेल असं अस्तर, खुंटीला अडकवायला मजबूत कडी. आणि पाठीच्या बाजूला, अस्तरामागे, चोरकप्पा. हा सगळ्यांनी मागितला. कशासाठी ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बारा-बारा तास दुसऱ्यांची उघडी शरीरं सांभाळणाऱ्या बाईला स्वतःचं असं वीतभर काहीतरी झाकलेलं हवं असतं, एवढं मला कळत होतं.

बॅगा चालल्या. एकीची बघून दुसरी मागायची. मग एक दिवस भावजयीच्याच हॉस्पिटलातून मॅनेजरचा फोन आला. परिचारिका दिनाला सगळ्या नर्सेसना भेट म्हणून बॅगा द्यायच्या होत्या. एवढं मोठं काम मला आजवर कधी मिळालं नव्हतं. मी इस्त्रीची साडी नेसून, नमुन्याची बॅग घेऊन गेले.

मॅनेजर गोड बोलणारा. चहा मागवला, बॅग उलटसुलट करून पाहिली, शिवणीचं कौतुक केलं. मग अस्तरामागे त्याचा हात गेला आणि त्याने विचारलं, हे काय? मी म्हटलं, चोरकप्पा. तो हसला. म्हणाला, "नावातच आहे बघा."

मग त्याने समजावून सांगितलं. वॉर्डातून सामान कमी होत होतं. हातमोजे, इंजेक्शनं, कापूस. म्हणून ड्युटी सुटताना नर्सेसच्या बॅगा गेटवर तपासाव्या लागतात, पण त्यात फार वेळ जातो आणि बायका कुरकुर करतात. तर बॅगेची एक बाजू जाड पारदर्शक प्लॅस्टिकची करायची. वॉचमनने नुसती नजर टाकली की झालं, उघडायलाही नको. आतले कप्पे नकोत. बाहेर हॉस्पिटलचं नाव मोठ्या अक्षरात. भेटीची भेट आणि शिस्तीची शिस्त, असं तो म्हणाला.

मी काय करायला हवं होतं? तिथल्या तिथे बॅग उचलून निघायला हवं होतं. मी म्हटलं, "नमुना करून आणते."

घरी येऊन मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. कामाला लागले तेव्हा स्वतःची समजूत घालत होते, की हल्ली विमानतळावरही तपासतात, की मी नाही केली तर दुसरा कुणी करेल. प्लॅस्टिक चामड्याला नीट शिवलं जात नाही. आरीने भोक पाडलं की तिथून चिरत जातं. मी तेसुद्धा सोडवलं. कडेला चामड्याची दुहेरी पट्टी लावली आणि माझ्या हुशारीवर खूश झाले. याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी भावजय भाजीची पिशवी घेऊन पडवीत आली. टेबलावरची बॅग तिने पाहिली. उचलली नाही. प्लॅस्टिकमधून पलीकडचा माझा पाण्याचा तांब्या दिसत होता, त्याच्याकडे बघत राहिली. ही कुणाची, तिने विचारलं. मी सांगितलं. ती खाली बसली आणि इतके दिवस घरात कुणालाच जे सांगितलं नव्हतं ते तिने सांगितलं.

महिन्यापूर्वी तिची ड्युटी प्रसूतीच्या खोलीत होती. एका बाईला वेळ लागला, शेवटी सगळं सुखरूप झालं, पण भावजयीचे कपडे आतपर्यंत भिजले. तिने ते बदलले, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले आणि बॅगेत घातले. गेटवर वॉचमनने बॅग टेबलावर उलटी केली. ती पिशवी काठीच्या टोकाने उचलून विचारलं, यात काय आहे. तिने सांगितलं, माझे कपडे. तो म्हणाला, गाठ सोडा. रिक्षाची वाट बघत पेशंटचे नातेवाईक उभे होते. त्यात ती नुकतीच आजी झालेली बाईही होती, जिच्या सुनेचा हात भावजयीने रात्रभर धरला होता. हिने गाठ सोडली. रक्ताने माखलेली स्वतःची अंतर्वस्त्रं सगळ्यांसमोर टेबलावर पसरली. वॉचमन म्हणाला, ठीक आहे, जा.

"तुझ्या नवऱ्याला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"ते भांडायला गेले असते. माझी नोकरी अजून कायम व्हायची आहे." मग टेबलाकडे बोट करून ती म्हणाली, "आणि ताई, ही बॅग असती तर गाठही सोडावी लागली नसती. घरापर्यंत सगळ्या गावाने बघितलं असतं."

ती आवाज न चढवता बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी रापी घेतली आणि तिच्यासमोर ते प्लॅस्टिक उभं चिरलं. त्याने काही झालं नाही, माझा अंगठा तेवढा कापला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेले. या वेळी चहा आला नाही, कारण मी बसलेच नाही. मॅनेजरला म्हटलं, मी अशी बॅग करणार नाही, आणि का ते सांगते. भावजयीचं नाव घेतलं नाही, पण बाकी सगळं सांगितलं, काठीसकट. त्याच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं तसं काही उमटलं नाही. एखाददुसरा प्रकार होतो, वॉचमन अडाणी आहे, समज देऊ, असं म्हणाला. मी विचारलं, "गेटमधून डॉक्टरांच्या गाड्या जातात. त्यांच्या डिक्या उघडता?"

"ते डॉक्टर आहेत," तो म्हणाला.

त्याच्या दृष्टीने हे उत्तर होतं. मग जरा समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, तुमच्या लोकांच्या हातात कला आहे. ती करा. शिस्त आमच्यावर सोडा."

तुमच्या लोकांच्या. बाबांनी उभा जन्म हे शब्द ऐकले आणि मान खाली घालून शिवत राहिले. मी मान खाली घातली नाही, पण मला बोलताही आलं नाही. पहिल्या दिवशी त्याच्याकडे राहिलेली नमुन्याची बॅग उचलून मी जिना उतरले. काय काय बोलायला हवं होतं ते सगळं मला मारुती मंदिरापर्यंत चालत येताना सुचलं.

काम दुसऱ्याला गेलं. मुंबईहून पारदर्शक बाजूच्या रेक्झिनच्या बॅगा आल्या. कार्यक्रमाला मी नव्हते, भावजयीने सांगितलं ते सांगते. एकेकीला बोलावून गुलाबाचं फूल आणि बॅग देत होते, फोटो काढत होते. राजिवड्याच्या एक वयस्क सिस्टर आहेत, नवरा अर्धं आयुष्य आखातात, तीन मुलं एकटीने वाढवलेली. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी फूल घेतलं, बॅग घेतली नाही. बॅगा देणाऱ्या डॉक्टरीणबाई हातात बॅग धरून उभ्या राहिल्या. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मला बॅग आहे." आणि खाली येऊन बसल्या. त्यांच्यामागून पाचसहाजणींनी तसंच केलं. भावजयीने मात्र घेतली. दोन दिवस मी तिच्याशी तुटक वागले, जणू ती कायम व्हायची राहिली हा तिचा गुन्हा होता.

पुढे त्याच सिस्टरनी अर्ज लिहिला आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. आता गेटवर पडदा लावलाय आणि तपासायला सफाईतली एक बाई बसते. ती बॅग उघडतच नाही म्हणे, नुसती "जा गो बाय" म्हणते. लोक मला सांगतात, बघ, झाला ना बदल. मला नाही तसं वाटत. पडद्याच्या पलीकडून गाड्या तशाच सुसाट बाहेर जातात आणि सामान कुठे जात होतं ते आजवर कुणी शोधलेलं नाही.

गेल्या महिन्यात खेडहून एका मुलीचा फोन आला. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, पहिली नोकरी लागण्याआधी आईला तिला चांगली बॅग घेऊन द्यायची होती. रंग ठरला, पट्ट्याची लांबी ठरली. मग ती म्हणाली, "काकी, तो आतला कप्पा नको हां. उगाच कुणाला संशय नको."

मी तिच्यावर भडकले. एकवीस वर्षांच्या, कुणाचं काही न चोरलेल्या पोरीवर मी फोनवर चढ्या आवाजात बोलले, की संशय घेणाऱ्याची सोय तू आत्तापासून का करतेस. मागून तिच्या आईने विचारलेलं ऐकू आलं, काय झालं म्हणून. मी माफी मागितली. सगळी हकिगत तिला पहिल्यापासून सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, आईशी बोलून कळवते.

अजून तिचा फोन आलेला नाही. तिच्यासाठीचं चामडं मी कापून ठेवलंय, गडद तपकिरी.